गुण भागिले सेकंद : प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी समजून घेताना

कोल्हापुरात नेमबाजीचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. रेषेवर उभा असलेला एक खेळाडू, समोर ठरलेल्या अंतरावर गोल वर्तुळांचे लक्ष्य आणि आजूबाजूला श्वासही ऐकू यावा अशी शांतता. हे चित्र आपण या शहराच्या अभिमानातून मनात जपले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. या तिन्ही खेळाडूंच्या प्रकारांत नेमबाज जागेवरून हलत नाही. किंबहुना न हलणे हेच त्यांचे कौशल्य असते.

जगात पिस्तुलाचा आणखी एक स्पर्धात्मक खेळ आहे, ज्यात नेमबाज धावतो, भिंतीआडून वाकून पाहतो, चालता चालता गोळी झाडतो, धावतानाच मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली काडतुसांची पेटी, बदलतो आणि हे सारे घड्याळ चालू असताना करतो. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. नोकरीनिमित्त मी काही वर्षे चेक प्रजासत्ताकात होतो. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत घडलेला माणूस तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात गेला आणि शनिवार-रविवारी तिथल्या क्लबांच्या स्पर्धांत रमला. परत आल्यावर कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की त्या खेळात नेम महत्त्वाचा की वेग. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मला देता येईल तेवढे नीट उत्तर आहे.

आधी खेळाचे स्वरूप थोडक्यात पाहू. या खेळाची जागतिक संघटना, इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या गावी स्थापन झाली आणि अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिने तीन लॅटिन शब्द ब्रीद म्हणून घेतले, ज्यांचा या खेळातला अर्थ अचूकता, शक्ती आणि वेग असा आहे. हे तिन्ही एकाच वेळी मोजायचे, हा या खेळाचा मूळ विचार आहे. स्पर्धेत ठरावीक साच्याचे लक्ष्य नसते. प्रत्येक स्पर्धेसाठी आयोजक नव्या स्टेज, म्हणजे एकेका फेरीच्या मांडण्या, उभारतात. लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती, खिडक्या, दारे, पिंपे यांची मांडणी केलेली असते आणि त्यांच्यामधून पुठ्ठ्याची व पोलादी लक्ष्ये कमी-अधिक अंतरावर लावलेली असतात. लहान स्टेजला जास्तीत जास्त १२, मध्यम स्टेजला २४ आणि मोठ्या स्टेजला ३२ गोळ्या लागतील अशी रचना असते. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सर्वसाधारणपणे दोन गोळ्या मोजल्या जातात, तर पोलादी लक्ष्य पडले पाहिजे. काही पुठ्ठे पांढरे असतात. त्यांना गोळी लागली, तर दंड बसतो.

आता या खेळाच्या मुळाशी असलेल्या गणिताकडे वळू, कारण डावपेच, सराव आणि खेळाडूचा स्वभावसुद्धा या गणितातून घडतो असे माझे मत आहे. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे तीन भाग आखलेले असतात. मधला ए भाग एका वितीइतकाही रुंद नसतो. ए मध्ये गोळी लागली, की ५ गुण मिळतात. सी आणि डी यांचे गुण काडतुसाच्या जोरावर अवलंबून असतात. गोळीचे ग्रेन या छोट्या एककातले वजन आणि तिचा सेकंदाला फुटांतला वेग यांचा गुणाकार करून त्याला हजाराने भागले, की जी संख्या येते तिला पॉवर फॅक्टर म्हणतात. उदाहरणार्थ, १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १०५० फूट वेगाने गेली, तर ही संख्या १३० च्या आसपास येते. ती किमान १२५ असावी लागते आणि तेवढी असली तर काडतूस मायनर ठरते. मायनर काडतुसाला सी मध्ये ३ आणि डी मध्ये १ गुण मिळतो. जास्त जोराच्या, म्हणजे मेजर काडतुसाला हेच गुण ४ आणि २ असतात. पिस्तूल जितके जोरात मागे उसळते तितके ते आवरणे अवघड, म्हणून ही सवलत दिलेली आहे. चुकलेल्या प्रत्येक गोळीला १० गुणांचा दंड असतो आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावरच्या गोळीलाही तेवढाच.

इथपर्यंत हे आपल्या ओळखीच्या नेमबाजीसारखेच वाटते. वेगळेपण पुढच्या पायरीवर आहे. सर्व गुणांची बेरीज करून, दंड वजा करून, जी संख्या उरते तिला त्या स्टेजवर लागलेल्या सेकंदांनी भागायचे. जो भागाकार येतो त्याला हिट फॅक्टर म्हणतात. त्या स्टेजवर ज्याचा हिट फॅक्टर सर्वांत मोठा, त्याला स्टेजचे पूर्ण गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत जेवढे टक्के असतील तेवढे.

हे आकड्यांत पाहिले म्हणजे नीट समजेल. सहा पुठ्ठे, प्रत्येकावर दोन गोळ्या, म्हणजे १२ गोळ्या आणि जास्तीत जास्त ६० गुण अशी एक लहान स्टेज घ्या. तीन खेळाडू मायनर काडतुसांनी खेळतात. पहिल्याने बाराच्या बारा गोळ्या ए मध्ये घातल्या आणि १० सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ६ आला. दुसऱ्याची एक गोळी सी मध्ये गेली, म्हणजे ५८ गुण, पण त्याने ८ सेकंद घेतले. त्याचा भागाकार ७.२५ आला. तिसऱ्याच्या पाच गोळ्या सी मध्ये गेल्या, गुण ५० झाले, पण वेळ साडेसहा सेकंद. त्याचा भागाकार ७.६९ आला. स्टेज तिसऱ्याने जिंकली. त्याला पूर्ण ६० गुण, दुसऱ्याला साधारण साडेछप्पन आणि एकही गोळी ए बाहेर न घालवणाऱ्या पहिल्याला फक्त ४६.८ गुण मिळतात. रेषेवरच्या नेमबाजीत वाढलेल्या माणसाला हा निकाल पहिल्यांदा पाहताना अन्याय वाटतो. मलाही वाटला होता. पण आता एवढाच बदल करा, की तिसऱ्याची ए मधली एक गोळी चुकून बाहेर गेली. त्याचे ५ गुण गेले, वर १० दंड, म्हणजे ५० चे ३५ झाले. भागाकार ५.३८ वर आला आणि तो तिघांत शेवटचा ठरला. म्हणून नेम की वेग, या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की सी परवडतो, चूक परवडत नाही, आणि किती सी परवडतात हे त्या त्या स्टेजवर अवलंबून असते.

हे अवलंबून असणे नेमके कसे, हे समजले की खेळाचा निम्मा डावपेच हाती येतो. हिट फॅक्टर म्हणजे त्या स्टेजवर एका सेकंदाची गुणांतली किंमत, असे धरून चाला. ज्या स्टेजवर चांगल्या खेळाडूंचा हिट फॅक्टर १० च्या आसपास असेल, म्हणजे लक्ष्ये जवळ आणि हालचाल कमी, तिथे एक सेकंद दहा गुणांचा आहे. ए ऐवजी सी लागल्याने जाणारे दोन गुण तिथे ०.२ सेकंदाएवढे आहेत. त्या दोन गुणांसाठी तुम्ही अर्धा सेकंद जास्त थांबलात, तर तोट्यात गेलात. उलट लक्ष्ये लांब आहेत, काहींचा अर्धा भाग पांढऱ्या पुठ्ठ्याने झाकलेला आहे, धावणे बरेच आहे आणि अपेक्षित हिट फॅक्टर ३ च्या आसपास आहे, अशा स्टेजवर तेच दोन गुण ०.६७ सेकंदाचे होतात. तिथे प्रत्येक गोळीला थोडा जास्त वेळ देणे फायद्याचे ठरते. चुकलेल्या गोळीची एकूण किंमत १५ गुण धरली, तर ६ हिट फॅक्टरच्या स्टेजवर ती अडीच सेकंदांची झाली. पुठ्ठ्यावरच्या उत्तम दोनच गोळ्या मोजल्या जातात, त्यामुळे जास्तीची गोळी झाडून चूक भरून काढता येते आणि तिला फार तर अर्धा सेकंद लागतो. ती झाडावीच. अनुभवी खेळाडू स्टेज पाहताच मनाशी म्हणतो, की ही साताची आहे किंवा ही चाराची आहे. त्या एका अंदाजावर त्याचा पुढचा वेग ठरतो.

स्टेजचा आराखडा आखणे हा या खेळाचा मला सर्वांत प्रिय भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. स्पर्धेआधी खेळाडूंच्या पथकाला स्टेजमधून रिकाम्या हाताने फिरण्यासाठी काही मिनिटे दिली जातात. कोणत्या जागेवरून कोणते लक्ष्य दिसते, कोणते दोन जागांवरून दिसते, कोणते केवळ वाकल्यावर दिसते, कुठे थांबायचे, कुठे न थांबता झाडायचे आणि मॅगझिन कुठे बदलायचे, हे सारे त्या वेळात ठरवायचे असते.

शिवाजी पेठेतल्या गल्ल्यांत पहाटे सायकलवरून वर्तमानपत्र टाकणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. तळमजल्यावरच्या घरांसाठी तो सायकल थांबवत नाही. वेग थोडा कमी करतो, हात सैल सोडतो आणि घडी केलेला पेपर बरोबर उंबऱ्यापाशी पडतो. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीसाठी मात्र तो एक पाय जमिनीला टेकवून क्षणभर स्थिर होतो. पुढच्या पेपरची घडी तो कधीच दारात उभा राहून घालत नाही. ती दोन घरांमधल्या सरळ रस्त्यावर, पायडल मारता मारता घालतो. एकच घर दोन गल्ल्यांतून गाठता येत असेल, तर कोणत्या गल्लीतून जाताना ते वाटेत पडते हे त्याला पाठ असते. स्टेजचा चांगला आराखडा अगदी असाच असतो. जवळची, उघडी लक्ष्ये जागेवर पोहोचता पोहोचता किंवा जागा सोडता सोडता घ्यायची आणि लांबची, अर्धवट झाकलेली लक्ष्ये त्या दोहोंच्या मध्ये, पाय स्थिर असताना घ्यायची. मॅगझिन दोन जागांमधल्या धावेत बदलायचे. कारखान्यातून येते तशाच पिस्तुलाने खेळायच्या प्रॉडक्शन विभागात सुरुवातीला मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त काडतुसे भरता येत नाहीत, त्यामुळे ३२ गोळ्यांच्या स्टेजवर किमान दोनदा बदल आलाच आणि पोलादी लक्ष्यावर एखादी गोळी चुकली तर काय, याची शिल्लकही धरावी लागते. पंधरापैकी पंधरा गोळ्या लागतील असा आराखडा कागदावर सुंदर दिसतो, पण एक गोळी चुकली, की तो उभ्या जागी मॅगझिन बदलायला लावतो आणि तिथे दीड-दोन सेकंद जातात.

हलत्या लक्ष्यांचा हिशेब आणखी वेगळा असतो. एखादे पोलादी लक्ष्य पडले, की त्याला जोडलेला पुठ्ठा लंबकासारखा हलू लागतो. तो दिसायला सुरुवात होईपर्यंत जो सेकंदभराचा वेळ जातो, त्यात नुसते वाट पाहत उभे राहण्याऐवजी शेजारच्या स्थिर पुठ्ठ्यावर दोन गोळ्या घालून परत यायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते.

ठरवणे वेगळे आणि पक्के करणे वेगळे. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या स्पर्धेत २४ गोळ्यांच्या एका स्टेजवर एक लक्ष्य भिंतीतल्या खालच्या झरोक्यातून, गुडघ्यावर बसूनच दिसत होते. फिरताना मी ते पाहिले होते, मोजलेही होते. पण सुरुवातीच्या इशाऱ्याचा बीप वाजल्यावर त्या भिंतीशी मी उभ्यानेच समोरची तीन लक्ष्ये घेतली आणि पुढे पळालो. बाकीच्या २२ गोळ्यांचे माझे १०४ गुण झाले होते, म्हणजे नेम वाईट नव्हता. त्या विसरलेल्या लक्ष्याच्या दोन चुकांचे २० आणि लक्ष्यावर गोळीच न झाडल्याचे वेगळे १० असे ३० गुण वजा होऊन ७४ उरले. १६ सेकंदांनी भागल्यावर भागाकार ४.६३ आला. गुडघ्यावर बसायला मला फार तर १.२ सेकंद लागले असते आणि ११४ गुणांना १७.२ ने भागून ६.६३ आले असते. जवळपास तीस टक्के गुण एका विस्मरणात गेले. त्या दिवसापासून मी फिरण्याची वेळ संपण्याआधी रेषेबाहेर उभा राहून डोळे मिटतो आणि पूर्ण स्टेज मनात खेळतो. प्रत्येक लक्ष्य मला रंगासकट, त्याच्या मागच्या मातीच्या भरावासकट दिसले पाहिजे. एखाद्या ठिकाणी चित्र धूसर झाले, तर तेवढाच भाग पुन्हा जाऊन पाहतो. हे चित्र तीन-चार वेळा अखंड चालले, की मगच आराखडा पक्का झाला असे मी मानतो, कारण बीपनंतर विचार करायला वेळ नसतो आणि जो तेव्हा विचार करू लागतो त्याची नजर थांबते.

नजरेचा मुद्दा रेषेवरच्या आणि धावत्या अशा दोन्ही नेमबाजींना जोडणारा आहे. दुधाळीच्या रेंजवर शिकणारे मूल पहिल्या काही महिन्यांतच शॉट कॉल करायला शिकते. गोळी सुटली त्या क्षणी फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण, कुठे होती हे पाहून, लक्ष्याकडे न बघता, गोळी कुठे लागली असेल ते सांगणे म्हणजे शॉट कॉल करणे. प्रॅक्टिकल प्रकारात हीच गोष्ट वेगाचा खरा उगम आहे. ज्याला गोळी सुटतानाच कळते की ती ए मध्ये गेली, तो लगेच पुढच्या लक्ष्याकडे जातो. ज्याला कळत नाही, तो पुठ्ठ्यावर भोक शोधतो किंवा पोलादी पाटी वाजण्याची वाट पाहतो. लांबच्या पाटीचा आवाज परत यायला वेळ लागतो आणि त्या वाट पाहण्यात प्रत्येक लक्ष्यामागे पाव सेकंद सहज जातो. साईट किती नीट दिसायला हवी हेही अंतरावर ठरते. तीन मीटरवरच्या उघड्या पुठ्ठ्यावर पिस्तुलाची नुसती आकृती मधोमध दिसली तरी पुरते, पण वीस मीटरवरच्या अर्ध्या झाकलेल्या लक्ष्याला साईट स्थिर, धारदार दिसावी लागते आणि ट्रिगर अगदी रेषेवरच्या नेमबाजीसारखा सावकाश दाबावा लागतो. नवखे खेळाडू दोन्ही ठिकाणी एकाच लयीत गोळ्या झाडतात. जवळ ते वेळ वाया घालवतात आणि लांब गुण.

सेकंद नेमके कुठे जातात, याबद्दल माझाही सुरुवातीला मोठा गैरसमज होता. वेग म्हणजे बोट जलद चालणे, असे वाटते. समजा, ३२ गोळ्यांच्या मोठ्या स्टेजवर १६ पुठ्ठे आहेत आणि एका पुठ्ठ्यावरच्या दोन गोळ्यांमध्ये तुम्हाला पाव सेकंद लागतो. म्हणजे २० सेकंदांच्या स्टेजवर या सगळ्या जोड्यांना मिळून फक्त ४ सेकंद लागले. महिनोन्‌महिने घाम गाळून तो पाव सेकंद ०.२ वर आणला, तर एकूण ०.८ सेकंद वाचले. उरलेले १६ सेकंद एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर आणि हात नेण्यात, पिस्तूल बाहेर काढण्यात आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पायांत जातात. जागेवर पोहोचण्याच्या एक पाऊल आधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आणले, गुडघे थोडे वाकलेले ठेवून पावले लहान केली आणि शेवटची गोळी सुटत असतानाच वजन पुढच्या दिशेच्या पायावर सरकवले, तर एका जागेमागे ०.४ सेकंद वाचणे कठीण नाही. चार जागांवर १.६ सेकंद झाले, म्हणजे बोटाच्या सगळ्या मेहनतीच्या दुप्पट. दुधाळीच्या मुलांना मी मोकळ्या मैदानात खोकी मांडून, हातात काहीही न घेता नुसते बोट रोखून अशा स्टेज खेळायला लावल्या, तेव्हा सर्वांत जलद मुलगी धावण्यात सर्वांत जलद नव्हती. ती खोक्याशी पोहोचायची तेव्हा तिचा हात आधीच वर असायचा.

सरावाचे मोठे ओझे घरचा, गोळीशिवायचा सराव उचलतो. त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात आणि रेषेवरच्या नेमबाजांनाही तो परिचित आहे. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. ज्या खोलीत सराव चालू आहे तिथे काडतूस असता कामा नये आणि पिस्तूल रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाने, दोनदा झालेली असावी. मग टाइमरवर एक मर्यादा लावायची, समजा दोन सेकंद, आणि बीपनंतर पिस्तूल काढून साईट लक्ष्यावर आणून ट्रिगर दाबेपर्यंत दुसरा बीप वाजू द्यायचा नाही. ही एक कृती जवळून पाहिली, तर तिच्यात किती बारकावे आहेत ते कळते. हात खाली जातो तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला पंजाचा भाग मुठीच्या सर्वांत वरच्या टोकाशी घट्ट बसला पाहिजे, कारण होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या पिस्तूल-म्यानात, जी पकड बसते तीच शेवटच्या गोळीपर्यंत राहते. दुसरा हात त्याच वेळी छातीशी येऊन थांबतो. पिस्तूल वर येते, दोन्ही हात छातीसमोर एकमेकांना मिळतात आणि तिथून पुढे सरळ रेषेत ढकलले जातात, म्हणजे साईट खालून वर शोधावी लागत नाही, ती नजरेच्या रेषेत चढत जाते. तर्जनी या सगळ्या वेळात ट्रिगरच्या कड्याबाहेर सरळ असते आणि साईट लक्ष्यावर आल्यावरच आत जाते. रोज पंधरा मिनिटे हे नीट केले, तर काही महिन्यांत दोन सेकंदांचा दीड होतो. तयार खेळाडूला सव्वा सेकंद पुरतो. ट्रिगरसाठी जुनाच उपाय उत्तम आहे. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, फ्रंट साईटजवळ एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि ते न पडता ट्रिगर दाबायचा.

रेंजवरच्या सरावासाठी जेफ कूपर यांनी रचलेला एल प्रेसिडेंटे हा सराव मला फार मोलाचा वाटतो. दहा यार्डांवर तीन पुठ्ठे लावायचे आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. बीप वाजला, की वळून प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदल आणि पुन्हा प्रत्येकावर दोन. कूपर यांच्या काळात दहा सेकंदांत हे नीट करणे चांगले मानले जाई. आज आघाडीचे खेळाडू त्याच्या निम्म्याहून कमी वेळात करतात. पूर्ण ६० गुण आणि दहा सेकंद म्हणजे हिट फॅक्टर ६, वर सांगितलेल्या पहिल्या खेळाडूएवढाच. या एका सरावात वळणे, पिस्तूल काढणे, लक्ष्ये बदलणे आणि मॅगझिन बदलणे असे सगळे येते, म्हणून महिन्याला एकदा तो करून आकडे वहीत लिहिले, की नेमके काय सुधारले आणि काय अडकले ते दिसते.

सरावात दोन वेगळ्या मनःस्थिती ठेवाव्या लागतात आणि त्या मिसळू देऊ नयेत. एका दिवशी मुद्दाम आपल्या झेपेपेक्षा जलद झाडायचे, सी आणि डी लागू द्यायचे आणि त्या वेगात नजर काय पाहते ते फक्त पाहायचे. डोळ्यांना त्या वेगाची सवय झाल्यावर पूर्वीचा वेग संथ वाटू लागतो आणि त्यात साईट स्पष्ट दिसते. दुसऱ्या दिवशी मात्र स्पर्धा आहे असे समजून, प्रत्येक गोळी कॉल करत, एकही चूक न होऊ देता खेळायचे. जो फक्त पहिले करतो त्याच्या गोळ्या स्पर्धेत चुकतात आणि जो फक्त दुसरे करतो तो वर्षानुवर्षे त्याच वेगात अडकतो. स्पर्धेच्या दिवशी जलद खेळायचे ठरवून कोणी जलद होत नाही. जेवढे सरावात कमावले तेवढेच तिथे सहज बाहेर येऊ द्यायचे असते.

हा सगळा वेग सुरक्षेच्या कडक चौकटीत चालतो आणि त्याशिवाय हा खेळ खेळताच येत नाही. पंचाने सांगितल्याशिवाय कुणाचेही पिस्तूल भरलेले नसते. नळी मागच्या बाजूकडे, म्हणजे ठरलेल्या नव्वद अंशांपलीकडे गेली, पिस्तूल हातातून पडले किंवा अनवधानाने गोळी सुटली, तर त्या खेळाडूची स्पर्धा तिथेच संपते. वाद नाही, दुसरी संधी नाही. धावताना आणि मॅगझिन बदलताना बोट कड्याबाहेरच असले पाहिजे. ‘स्टँडबाय’ म्हटल्यानंतर एक ते चार सेकंदांत बीप वाजतो, टाइमर गोळ्यांचा आवाज टिपतो आणि शेवटच्या गोळीची वेळ तीच खेळाडूची वेळ ठरते. मग पिस्तूल रिकामे करून पंचाला दाखवून होल्स्टरमध्ये गेल्याशिवाय कुणीही लक्ष्यांकडे पाऊल टाकत नाही. डावीकडे धावताना उजव्या हातातली नळी आपोआप मागे फिरू पाहते, त्यामुळे स्टेजची दिशा पाहून मॅगझिन कुठे बदलायचे हे ठरवताना सुरक्षेचाही विचार करावा लागतो.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे आहेत. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही आणि जगभर या खेळात सर्रास वापरले जाणारे ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, मोडते. म्हणून कोल्हापुरातल्या ज्या मुलाला या खेळाची ओढ वाटते त्याने मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, १० मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करावी आणि पुढे २५ मीटरकडे जावे. राही सरनोबत यांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात हात पंचेचाळीस अंशांत खाली असतो, इशारा मिळाल्यावर तीन सेकंदांत तो वर आणून एक गोळी झाडायची असते आणि सात सेकंदांनी पुन्हा तेच. पकड आधीच बसलेली असणे, साईट वर येता येता दिसणे आणि ट्रिगर त्याच ओघात दाबला जाणे हे वर वर्णन केलेले सगळे तिथे एका हाताने शिकता येते. पहिल्या दिवसापासून एक वही मात्र ठेवावी. तिच्या डाव्या पानावर प्रत्येक गोळी कॉल करून लिहावी, उजव्या पानावर ती प्रत्यक्षात जिथे लागली ते लिहावे, आणि दोन्ही पाने किती जुळतात ते आठवड्याच्या शेवटी मोजावे.